चहाच्या भावकीतलं झाड

चहाचं झाड असतं, हे आपल्याला माहीत असतं, पण ते मनाला फारसं पटलेलं नसतं. आपला चहा किराणा दुकानातून येतो. फार तर मुन्नारच्या किंवा दार्जिलिंगच्या कॅलेंडरवर पाहिलेले हिरवे उतार आठवतात, आणि त्यावरची कमरेएवढी, माथा सपाट कापलेली झुडपं. पण आसामी वाणाच्या चहाला कात्री लागलीच नाही, तर तो दहा-पंधरा मीटर उंच होतो. आसामातल्या जुन्या मळ्यांमध्ये बियाण्यासाठी चहाची काही झाडं न छाटता राखलेली असत. त्या राईला तिकडे ‘सीड बारी’ म्हणतात. तिथे चहा पाहायचा तर मान वर करावी लागते. चीनच्या युन्नान प्रांतात जिंगमाई डोंगरावर जुनी चहावनं आहेत, २०२३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. तिथे पानं खुडायला माणसं झाडावर चढतात. बाकी बहुतेक ठिकाणी या झाडाला वाढण्याची मुभा नाही. ठरावीक वर्षांनी त्याची छाटणी होते, वर आलेलं प्रत्येक कोवळं टोक दोन पानं आणि एक कळी असं खुडून नेलं जातं. बिचाऱ्याला वाटत राहतं की आपण अजून लहानच आहोत, आणि ते पुन्हा पालवी काढतं.

त्याच कुळातलं एक झाड मात्र हिमालयाच्या मधल्या डोंगररांगांत खुशाल वाढलेलं आहे. नेपाळीत त्याला चिलाउने म्हणतात. वनस्पतिशास्त्रातलं नाव स्किमा वॉलिकिआय. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग, भूतान, ईशान्य भारत आणि तिथून पुढे आग्नेय आशियात त्याचा पसारा आहे. जावातल्या ‘पुस्पा’ नावाच्या झाडालाही काही शास्त्रज्ञ याच जातीत धरतात, काही त्याची वेगळी चूल मांडतात. तो वाद त्यांच्यावर सोपवू. मिझोराममध्ये त्याला ‘खिआंग’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या जंगलांत ते नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याला नावही नाही.

मी ते नीट पाहिलं काठमांडूच्या दक्षिणेला, फुलचोकीच्या पायथ्याशी. नीट पाहिलं म्हणजे त्याआधी त्याच्याखालून कितीदा तरी गेले असेन. नेपाळच्या डोंगरात साधारण हजार ते दोन हजार मीटर उंचीवर ‘कटुस-चिलाउने’ हा जोडशब्द जंगलाचं नाव म्हणूनच वापरतात, इतकी ही दोन झाडं एकमेकांच्या संगतीने येतात. कटुसाला खाण्याजोगी फळं लागतात, म्हणून पोरांना कटुस ठाऊक असतो. चिलाउनेला खाण्यासारखं काही लागत नाही. साल काळपट राखाडी, उभ्या खोल भेगा पडलेली. पानं आंब्याच्या पानापेक्षा आखूड आणि रुंद. कोवळी असताना तांबूस, आणि गळायच्या आधी एकेक पान पुन्हा लाल होतं. त्यामुळे सदाहरित असूनही या झाडावर कायम कुठे ना कुठे लाल ठिपका दिसतो.

वैशाखाच्या सुमारास फुलं येऊ लागतात आणि पाऊस चांगला लागेपर्यंत टिकतात. ती पाहिली की कुळाची साक्ष पटते. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ, वास मंद आणि गोडसर. पाकळ्यांपैकी सर्वांत बाहेरची एक जरा लहान आणि खोलगट असते, कळी असताना तिने बाकीच्या चौघींना झाकून ठेवलेलं असतं. चहाचं फूल जवळजवळ असंच असतं, फक्त ते शरदात येतं आणि मळ्यात सहसा दिसत नाही, कारण फुलावर शक्ती खर्च करणारं झुडूप मळेवाल्याच्या उपयोगाचं नसतं. फूल गळलं की चिलाउनेला लहानसं, गोल, लाकडासारखं कठीण बोंड धरतं. ते हिवाळ्यात वाळतं, पाच फाकांत उकलतं, आणि आतल्या चपट्या बियांच्या कडेला इतका पातळ पापुद्रा असतो की फाल्गुन-चैत्रातला वारा त्यांना सहज उचलून नेतो. उघड्या पडलेल्या, जळून गेलेल्या, शेती सोडून दिलेल्या जमिनीवर ते लवकर रुजतं. तोडलं तर बुंध्यातून धुमारे फुटतात. साल जाड, म्हणून छोट्यामोठ्या वणव्याला ते दाद देत नाही.

आणि खाज. सालीच्या आत काचेच्या कणांसारखे बारीक, टोकदार तंतू असतात, ते कातडीत रुततात. झाडाचं नेपाळी नाव त्यावरूनच पडलंय. वाटेत भेटलेल्या वनपालाने मला हे तोंडाने सांगितलं नाही. मी साल चाचपायला हात पुढे केला, तेव्हा त्याने फक्त “दिदी,” म्हणून स्वतःचा दंड खाजवून दाखवला. तेवढं पुरे झालं. सुतार हे लाकूड कापताना अंग झाकून घेतात. लाकूड जड, तांबूस आणि टिकाऊ आहे, पण नीट वाळवलं नाही तर वाकतं. तुळया, खांब, नांगर, जळण या सगळ्याला चालतं. ईशान्येकडे काही ठिकाणी साल कुटून मासे गुंगवायलाही वापरत असत.

झाडाच्या शास्त्रीय नावातला वॉलिक हा माणूस मला झाडाइतकाच रंजक वाटतो. नॅथॅनियल वॉलिक, जन्म १७८६, कोपनहेगनचा. १८०७ मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूरला डॅनिश वसाहतीत शल्यविशारद म्हणून आला, आणि लगेच युरोपातल्या युद्धाचा धक्का इथवर पोहोचून इंग्रजांनी श्रीरामपूर घेतलं. वॉलिक कैदी झाला. त्याला वनस्पतींची जाण आहे हे ओळखून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला सोडवून घेतलं. पुढे १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीत त्याच्याच पुढाकाराने जे संग्रहालय सुरू झालं तेच आजचं कलकत्त्याचं इंडियन म्युझियम. १८१७ पासून जवळजवळ तीन दशकं तो उद्यानाचा प्रमुख होता. १८२०-२१ मध्ये तो नेपाळात राहिला, तोही काठमांडूच्या खोऱ्यात बांधल्यासारखा. नव्याने तह झालेल्या शेजाऱ्याच्या माणसाला नेपाळ दरबार मोकळं फिरू देणार नव्हता. म्हणून उंचावरच्या गोसाईंथानच्या वनस्पती त्याने यात्रेकरूंकरवी मागवल्या. पुढे त्याने लंडनला नेलेल्या वाळवलेल्या नमुन्यांची यादी नऊ हजारांच्या वर गेली. त्या नमुन्यांचे संच युरोपभर वाटले गेले, आणि म्हणून हिमालयातल्या इतक्या झाडाझुडपांच्या नावामागे ‘वॉलिकिआय’ किंवा ‘वॉलिकिआना’ लागलेलं दिसतं.

आता गंमत. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याला वरच्या आसामात सिंगफो जमातीच्या बेसा गाम या प्रमुखाकडून समजलं की इथे चहाची झाडं रानात आहेत. सिंगफो लोक ती पानं भाजून, बांबूच्या नळीत ठासून, चुलीवरच्या धुरात ठेवून वापरत, आजही वापरतात. रॉबर्ट वारला, पण त्याच्या भावाने, चार्ल्सने, पाठपुरावा केला. १८२५ मध्ये पानं कलकत्त्याला वॉलिकपुढे आली. वॉलिक म्हणाला, हा कॅमेलिया आहे, चहा नव्हे. पुढची जवळजवळ दहा वर्षं कंपनी सरकारसाठी आसामचा चहा नव्हताच. १८३४ च्या डिसेंबरात चहा समितीने आसामात चहा मूळचाच आहे असं जाहीर केलं, तेव्हा बी आणि फळंही समोर आली होती; त्या समितीतही वॉलिक होता. पुढल्या वर्षी विल्यम ग्रिफिथ आणि जॉन मॅक्लेलंड यांच्याबरोबर तो आसामात जाऊन ती झाडं प्रत्यक्ष पाहून आला. वाटेत त्याचं ग्रिफिथशी बिनसलं ते कायमचं. काही वर्षांनी वॉलिक रजेवर असताना उद्यानाचा कारभार ग्रिफिथच्या हाती आला, तेव्हा त्याने वॉलिकने वाढवलेली जुनी झाडं पाडून उद्यान शास्त्रीय रचनेप्रमाणे नव्याने मांडायला घेतलं. १८४८ मध्ये तिथे आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने त्या उजाड उद्यानाबद्दल हळहळ लिहून ठेवली आहे. झाडांवर जीव टाकणारी माणसं एकमेकांचा राग झाडांवर काढतात, हे वाचून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

वॉलिकच्या त्या उत्तराबद्दल त्याला अजून बोल लावला जातो. पण आज चहाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस आहे. वॉलिकच्या काळात चहाची प्रजाती सर्रास वेगळी मानली जाई, नंतर ती कॅमेलियात विलीन झाली. म्हणजे ‘हा कॅमेलिया आहे’ हे त्याचं अर्धं उत्तर काळाने बरोबर ठरवलं. चुकला तो दुसऱ्या अर्ध्यात, आणि सरकारला रस होता तो त्या दुसऱ्या अर्ध्यातच. पान कोणत्या कुळातलं याच्याशी लंडनच्या लिलावाला कर्तव्य नव्हतं. ते उकळत्या पाण्यात टाकल्यावर पैसे मिळतात का, हा प्रश्न होता. चहाला हे उत्तर मिळालं त्या दिवसापासून त्याचं झाडपण संपलं. १८३९ मध्ये आसाम कंपनी उभी राहिली, जंगलं तुटली, दूरदूरच्या प्रदेशांतून मजूर आणले गेले, आणि सिंगफोंच्या रानातलं उंच झाड ओळीत, कमरेच्या उंचीवर उभं केलं गेलं. दार्जिलिंगच्या उतारांवर चिनी वाणाची लावणी झाली तेव्हाही जे रान गेलं त्यात कटुस-चिलाउने होतेच. भावाला जागा करून द्यायला भाऊ तुटला, असं म्हणायचा मोह होतो. पण कुऱ्हाड धरणाऱ्याला नातं माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी काय फरक पडला असता?

या भावकीतल्या आणखी एकाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या जॉर्जियात, अल्टमाहा नदीकाठी, १७६५ मध्ये जॉन आणि विल्यम बार्ट्रम या बापलेकांना पांढऱ्या फुलांचं एक झाड दिसलं. विल्यमने पुढे बेंजामिन फ्रँकलिनचं नाव त्याला दिलं, बी फिलाडेल्फियाच्या आपल्या बागेत रुजवलं. १८०३ नंतर ते झाड रानात कुणालाच दिसलेलं नाही. आज जगात जितकी फ्रँकलिनिया आहेत ती सगळी त्या बागेतल्या झाडांची वंशज मानली जातात. त्याला वाचवलं ते माणसाच्या हौसेने, आणि रानातलं घर मात्र कायमचं गेलं.

चिलाउनेच्या वाट्याला ना चहाचा बाजार आला, ना फ्रँकलिनियाचं कौतुक. त्याला गाव मिळालं. आणि गाव काही हळवं नसतं. पहाडी शेतकरी चिलाउने तोडतो, त्याच्या फांद्या छाटतो, खालचा पाचोळा झाडून नेतो. तो पाचोळा गोठ्यात गुरांच्या अंगाखाली अंथरतात, त्याला ‘सोत्तर’ म्हणतात. शेणमुतात कुजून त्याचं खत होतं आणि ते मक्याच्या, कोदोच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात जातं. कोदो म्हणजे आपली नाचणी. कोकणात भाताच्या दाढीला राब भाजण्यासाठी ऐनाची कवळं तोडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल: डोंगरातलं शेत जंगलाच्या जिवावर उभं असतं, आणि तिथल्या झाडांचे आकार कोयत्याने ठरवलेले असतात. गावाजवळचे चिलाउने तसे ठेंगणे, बगलेपासून धुमारे फुटलेले, कधी एका बुंध्यातून पाच-सहा खोडं. पण चहाच्या ओळीत आणि यात एक फरक मला फार मोठा वाटतो. चिलाउने एका घरासाठी तुळई असतो, दुसऱ्यासाठी जळण, तिसऱ्यासाठी सोत्तर, मधमाश्यांसाठी फूल. त्याची एकच एक किंमत ठरत नाही, म्हणून त्याला एकाच उंचीवर कापणारंही कुणी नाही.

अर्थात हे कायम असंच गोडीगुलाबीने चाललं नाही. १९५७ मध्ये नेपाळ सरकारने खासगी वनं राष्ट्रीय मालकीची केली. मग काय झालं यावर अभ्यासकांत वाद आहेत. गावकऱ्यांना वन परकं झालं म्हणून ते ओरबाडलं गेलं असं एक मत, आणि ओरबाडणं आधीपासूनच चालू होतं असं दुसरं. सत्तरच्या दशकापर्यंत मधले डोंगर उघडे पडले होते एवढं खरं. मग पाइन लावायची मोहीम आली. काठमांडूच्या पूर्वेला सिंधुपाल्चोक आणि काभ्रेपलान्चोक जिल्ह्यांत ऑस्ट्रेलियाच्या मदतीने हजारो हेक्टरांवर पाइन लावले गेले. उघड्या, निकस जमिनीवर तेच तग धरेल हा हिशेब चुकीचा नव्हता. लोक कुरकुरले, कारण पाइनच्या सुयांचं सोत्तर चांगलं होत नाही आणि गुरं त्या खात नाहीत. पण गावांनी चराई थांबवली, राखण केली, आणि काही वर्षांत पाइनच्या सावलीत न लावलेले चिलाउने आणि कटुस उगवू लागले. कुठे जुना बुंधा जमिनीत जिवंत होता, कुठे वाऱ्याने बी आणलं. सरकारी रोपवाटिकेने पाइन दिले आणि जंगलाने स्वतःचं जंगल परत आणलं. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण यात श्रेय कुणा एकाला देता येत नाही.

सिंधुपाल्चोकमधल्या थोकर्पा गावात सत्तरच्या दशकातच गावकरी आणि तिथले जिल्हा वन अधिकारी तेजबहादुरसिंह महत यांनी मिळून जंगल गावाने राखायचं असा प्रयोग केला. पुढे १९९३ च्या वन कायद्याने ‘सामुदायिक वन उपभोक्ता समूह’ ही गोष्ट देशभर रूढ केली. आज असे बावीस हजारांहून जास्त समूह आहेत. कधी जंगल उघडायचं, किती भारे न्यायचे, घर बांधणाऱ्याला किती झाडं द्यायची, हे सगळं वहीत लिहिलेलं असतं. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या एका अभ्यासात नेपाळचं वनाच्छादन १९९२ मध्ये सुमारे २६ टक्के होतं ते २०१६ मध्ये सुमारे ४५ टक्के झालं असं दिसलं. याचं सगळं श्रेय त्या वह्यांना देणं सोयीचं आहे, पण पुरतं खरं नाही. तरुण माणसं मलेशियाला, कतारला गेली. शेतं पडीक राहिली, गुरं कमी झाली, आणि पडीक पायऱ्यांवर चिलाउने उगवला. पुन्हा तोच, मोकळी जागा दिसली की येणारा.

फुलचोकीखालच्या गावाचं नाव गोदावरी. नाशिककर मनात लगेच कान टवकारतो. तिथे एक कुंड आहे, डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याचं. ते पाणी आपल्या गोदावरीचंच आहे अशी तिथली श्रद्धा, आणि बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की तिथेही मेळा भरतो. २०१५ मध्ये नाशिकला सिंहस्थ होता तेव्हा, भूकंपाने खचलेल्या त्या वर्षातही, इथे लोक स्नानाला आले होते. जवळच १९६२ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे. आणि उद्यानापासून फार दूर नाही अशा जागी डोंगर कापून संगमरवर काढलेली खाणही दिसते. तिच्याविरुद्धच्या खटल्यात नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं की निरोगी पर्यावरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अजून अभ्यासतात. निकालानंतरही बरीच वर्षं खाण चालूच राहिली.

कुंडाजवळच्या टपरीत मी चहा प्यायले. दूध-आल्याचा, आपल्यासारखाच, फक्त साखर जरा कमी. टपरीवाल्या दिदी माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी चिलाउने बघायला आले म्हटल्यावर हसल्या. “चिलाउने? तो काय बघायचा, बहिनी? गुराँस बघायला या. सगळे त्यालाच येतात.” लाली गुराँस नेपाळचं राष्ट्रीय फूल, फुलचोकीच्या माथ्याकडे वसंतात तांबडाभडक फुलतो, त्यामुळे त्यांचं खरंच होतं. मग मी म्हटलं, तुमच्या पातेल्यातला चहा आणि तो वरचा चिलाउने एकाच कुळातले आहेत. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, आणि विचारलं, “मग त्याचा चहा होतो का?”

नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. लाकूड मात्र चांगलं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा चूल चिलाउनेवरच चाले, आता सिलिंडर आहे. मुलगा दुबईत. घरी एकच म्हैस, तिला कितीसं सोत्तर लागणार? वरच्या रानात हल्ली पाचोळा पडून राहतो, आणि उन्हाळ्यात तोच पेटतो. मागे उपभोक्ता समूहाच्या बैठकीत यावरच भांडण झालं म्हणाल्या: कुणी म्हणे वाढलेली झाडं कापून विका, रस्ता करू, कुणी म्हणे पाणी आटेल. “मग ठरलं काय?” त्यांनी पेले विसळत सांगितलं की पुढच्या बैठकीत ठरणार आहे, गेल्या बैठकीतही तेच ठरलं होतं.

२०२७ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. नाशिकहून कुणी श्रद्धेपोटी त्या गोदावरीलाही जाऊन येईल, तर कुंडापासून वरच्या वाटेला थोडं चढावं. भाद्रपदात फूल मिळणार नाही, त्याचा हंगाम सरलेला असतो. बोंडं हिरवी असतील आणि जळवा भरपूर. मोजे घालून जावं, आणि साल चाचपू नये.